फ्रेंच येतं, पण गल्लीतलं फ्रेंच कळत नाही: काय गिळायचं, काय बोलायचं, काय टाळायचं

रानजाई

बी-वन, बी-टू (फ्रेंचच्या मधल्या पातळीच्या परीक्षा) पास होऊन फ्रान्सला गेलेल्यांची पहिल्या महिन्यातली तक्रार ठरलेली असते: आपलं बोलणं त्यांना कळतं, त्यांचं आपल्याला कळत नाही. मग लोक इंटरनेटवरून स्लँगच्या याद्या उतरवून घेतात आणि पाठ करत बसतात. माझ्या मते गाडी तिथेच चुकते. स्लँग ही वरची फोडणी झाली. आधी भात शिजायला हवा, आणि तो शिजतो अक्षरं गिळण्यात.

आधी लिहिण्याचं ठरवून टाकू. खाली 'झ' लिहिलाय तो 'झाड'मधला नाही. 'श' म्हणता म्हणता घशातून आवाज काढला की जो येतो तो. 'ज़' म्हणजे माशी गुणगुणते तसा. 'यु' म्हणजे तोंडात 'ई' आणि ओठ 'ऊ'चे. अनुस्वार नाकातच ठेवायचा, त्याचा न् किंवा म् होऊ द्यायचा नाही.

आता एकच वाक्य जवळून बघू. 'मला माहीत नाही' पुस्तकात 'झ न से पा' असतं. पहिल्यांदा 'न' गळतो: झ से पा. मग 'झ'चा स्वर गळतो: झ्‌से पा. आता झ् घोष आणि शेजारचा स अघोष. दोघांचं जमत नाही, म्हणून झ्‌चा घोष जाऊन श् उरतो: श्से पा. शेवटी स त्या श्‌मध्ये विरघळतो: शे पा. चार अक्षरं ऐकायला कान टवकारून बसलेल्या माणसाला दोनच ऐकू येतात, म्हणून तो गोंधळतो. 'मी आहे'चं 'झ स्युई' याच वाटेने 'श्युई' होतं.

आपण तरी काय वेगळं करतो? 'मी जात आहे' कोण म्हणतं? 'जातोय'. 'नाही आहे'चं 'नाहीये'. घरात सतत 'मी जात आहे' म्हणणारा माणूस चूक नसतो, पण बातम्या वाचतोय असं वाटतं. 'झ न से पा' म्हणणारा फ्रेंचांना तसाच वाटतो.

पहिल्या आठवड्यात एवढेच बदल करा:

त्यु आ (तुझ्याकडे आहे) → ता
त्यु ए (तू आहेस) → ते
इल या (आहे, असतं) → या
इल न्या पा द (नाहीये) → यापाद
इल फो (पाहिजे) → फो
पार्स क (कारण) → पास्क
नू (आम्ही) → ओं, आणि क्रियापद 'तो'चं

शेवटचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. बोलताना 'नू'ची रूपं जवळजवळ लागतच नाहीत, सगळं 'ओं'वर भागतं. क्रियापदाचं एक अख्खं रूप पाठ करायचं वाचतं!

---

तिरपागडा

सहमत, पण 'न' गाळण्यात एक खड्डा आहे तो सांगायला हवा. 'प्ल्यु' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, 'जास्त' आणि 'आता नको'. पुस्तकात 'न' असला की नकार कळतो. बोलताना 'न' गेला की सगळा भार शेवटच्या स्‌वर येतो.

झां व प्ल्युस = मला अजून हवंय
झां व प्ल्यु = मला आता नको

जेवायला बसल्यावर हे उलटं झालं तर ताट तरी भरत राहतं, नाहीतर हवं असताना उचललं जातं. नवख्याने दोन्ही टाळून 'आंकोर अँ प' (अजून थोडं) आणि 'से बों, मेर्सी' (बास, धन्यवाद) वापरावं.

'मेर्सी'चंही तसंच. कुणी 'आंकोर?' विचारलं आणि तुम्ही हात जरा वर करून नुसतं 'मेर्सी' म्हणालात तर तो नकार धरला जातो. हवं असेल तर 'वी, झ व ब्यॅं'. हे शब्दशः 'मला चांगलं हवंय' नाही, 'चालेल की' आहे.

---

पोळीभाजी_पॅरिस

भात कळला, पण दुकानात शिरल्यावर नेमकं काय? गिऱ्हाइकाचं काम दीड मिनिटात उरकतं आणि त्या दीड मिनिटात परका ओळखू येतो.

---

रानजाई

@पोळीभाजी_पॅरिस, बेकरीचंच घेऊ.

१. दारातून आत पाय टाकतानाच 'बोंझूर'. काउंटरशी पोचल्यावर नाही, नंबर आल्यावर तर नाहीच. तेव्हा परत एकदा म्हणायचं ते वेगळं. 'बोंझूर' न म्हणता थेट 'युन बागेत सिल वू प्ले' (एक लांब पाव, प्लीज) म्हटलं तर कितीही 'प्लीज' लावा, उद्धट ठरता. आपल्याकडे दुकानदाराला 'अर्धा किलो रवा द्या' हेच संभाषण असतं आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. फ्रान्समध्ये आधी माणसाची दखल, मग माल.

२. मागणी: 'युन त्रादी, सिल वू प्ले'. त्रादी म्हणजे त्रादिसियों, साध्या बागेतपेक्षा वेगळा पाव. १९९३च्या सरकारी आदेशाप्रमाणे त्याचं पीठ कुठल्याच टप्प्यावर गोठवता येत नाही. सोबत 'पा त्रो क्युईत' (फार भाजलेला नको) किंवा 'ब्यॅं क्युईत' (खरपूस). हे दोन शब्द जोडले की तुम्ही रोजचे गिऱ्हाईक वाटता. अर्धाच हवा असेल तर 'युन दमी बागेत' सर्रास मिळतो.

३. काउंटरवरची बाई विचारते: 'आवेक्‌ससी?' पुस्तकात हा प्रश्न सहसा नसतो आणि इथेच माणूस अडकतो. 'आवेक ससी', म्हणजे 'याच्यासोबत?', म्हणजेच 'अजून काही?'. उत्तर 'स सरा तू' (एवढंच). बोलताना ते 'सस्रा तू' होतं.

४. पैसे देताना 'पार कार्त' (कार्डाने).

५. निघताना ती 'बॉन झूर्ने' (दिवस छान जावो) म्हणणार. नुसतं 'मेर्सी' म्हणून वळू नका. 'मेर्सी, वू ज़ोसी' (तुम्हालाही). संध्याकाळी सहाच्या आसपास 'बोंस्वार' आणि 'बॉन स्वारे' सुरू होतं. एकाने बदललं की दुसऱ्याने बदलायचं, घड्याळ बघायचं नाही.

डॉक्टरच्या वेटिंग रूममध्येही शिरताना सगळ्यांना मिळून एक 'बोंझूर'. लिफ्टमधून बाहेर पडताना अनोळखी माणसालाही 'बॉन झूर्ने'. मेट्रोच्या डब्यात मात्र यातलं काही नाही, तिथे गप्प.

---

खमंग_थालीपीठ

एकाच माणसाला दिवसातून दोनदा 'बोंझूर' म्हणायचं नाही हेही जोडा. ऑफिसात सकाळी भेटलेल्याला दुपारी पुन्हा 'बोंझूर' म्हटलं तर 'सकाळी मला बघितलंच नव्हतंस वाटतं' असा अर्थ निघतो. दुसऱ्यांदा 'रबोंझूर' किंवा नुसतं 'र'. तिसऱ्यांदा हसलं तरी पुरे.

---

गुळपोळी

'त्यु' आणि 'वू'बद्दल कुणीतरी नीट लिहा. तू-तुम्ही आपल्याला जन्मापासून येतं, म्हणून मराठी माणूस इथे बेसावध असतो.

---

तिरपागडा

खरंय. इंग्रजीवाल्यांना मुळात दोन रूपं कशाला हेच कळत नाही, आपल्याला ते कळतं आणि म्हणूनच चुकीच्या जागी वापरलं जातं. आपला 'तुम्ही' वयावर चालतो, त्यांचा 'वू' अंतरावर.

त्यामुळे होतं काय, पंचावन्न वर्षांच्या सहकाऱ्याला मराठी माणूस 'वू' म्हणत राहतो. समोरच्याने 'ओं प स त्युत्वाये' (आपण अरे-तुरे करू या) म्हटल्यावरही जीभ वळत नाही. आपल्या मनात आदर असतो, त्याच्या कानाला ते 'मला तुझी जवळीक नको' असं लागतं. एकदा 'त्यु' ठरलं की मागे फिरायचं नाही.

उलट बाजूला, विशीतली बँकेतली मुलगी, पंचविशीचा पोलीस, घरमालकाचा तरुण मुलगा, सगळ्यांना 'वू'. वय लहान आहे म्हणून 'त्यु' चालत नाही. लहान मुलांना मात्र सरसकट 'त्यु'. आईवडिलांनाही आता बहुतेक घरांत 'त्यु', तेव्हा 'अहो बाबा'वाल्यांनी दचकू नये. देवालाही 'त्यु', इथे आपलं जुळतं.

पहिल्यांदा 'त्यु' कोणी सुचवायचं? वयाने, हुद्द्याने मोठा असेल त्याने. खात्री नसेल तर वाक्य असं फिरवा की सर्वनामच येणार नाही: 'सा वा?', 'ब्यॅं दोर्मी?' (झोप झाली नीट?). 'अहो-जाहो' की 'अरे-तुरे' ठरेपर्यंत 'काय, जेवण झालं?'वर वेळ मारून नेतो तसंच.

---

उनाड_वासरू

सगळं ठीक, पण स्लँगला फोडणी म्हणून बाजूला सारणं पटलं नाही. कॉलेजमध्ये वेर्लां (शब्द उलटे करून बोलायची बोली) कळलं नाही तर माणूस टेबलावर बसून भिंतीसारखा असतो. न बोलला तरी चालेल, कळायला हवंच.

आणि मराठी माणसाला ते पाच मिनिटांत समजतं, कारण आपण शाळेत च-ची भाषा बोललोय. 'मला'चं 'चलाम'. पहिलं अक्षर मागे, पुढे च. वेर्लां तेच आहे, फक्त च नाही. 'लांवेर' (उलटं) या शब्दाचेच दोन तुकडे उलटे लावून 'वेर्लां' हे नाव झालं.

लूश (संशयास्पद) → शलू
लूर (जड, म्हणजे डोक्याला ताप) → रलू
बिज़ार (विचित्र) → ज़ार्बी
मेर्सी → सिमेर
फू (वेडा) → ऊफ
फाम (बाई) → मफ
फेत (पार्टी) → तफ

एकाक्षरी शब्दाचं कसं, तर 'फाम'चं आधी 'फा-म', मग 'म-फा', मग शेवटचा स्वर गळून 'मफ'. या 'मफ'मधला अ ओठ गोल करून म्हणायचा.

'शलू', 'रलू' आणि 'से तँ त्र्युक द ऊफ' (भन्नाट प्रकार आहे) हे चाळिशीतले लोकही ऑफिसात म्हणतात. 'मफ' मात्र जपून. मैत्रिणीबद्दल मित्रांत ठीक, बॉसच्या बायकोबद्दल अजिबात नाही.

---

रानजाई

@उनाड_वासरू, 'कळायला हवं, बोललं नाही तरी चालेल' हे मान्य. माझा मुद्दा बोलण्यापुरताच होता. उच्चार अजून परके असताना वेर्लां तोंडात घेतलं की नऊवारीवर बूट घातल्यासारखं दिसतं.

शिवाय हा माल लवकर विटतो. १९८५मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत राष्ट्राध्यक्ष मितराँना 'शेब्रां' ('ब्रांशे'चं उलटं, म्हणजे फॅशनमधला) या शब्दाबद्दल विचारलं, तर ते म्हणाले की तो जरा जुना झाला, आता 'काब्ले' म्हणायला हवं. आज दोन्ही शब्द आजोबांचे झालेत.

न विटणारे शब्द घ्या. बूलो (नोकरी, काम), बोसे (राबणं), बूफे (हादडणं), बान्योल (गाडी), फ्रॅंग (कपडे), बूकॅं (पुस्तक), फ्रिक (पैसा), बाल (युरो, 'दी बाल' म्हणजे दहा युरो), त्र्युक आणि माशॅं (ते हे, आपलं ते). शब्द आठवला नाही की 'त्र्युक' म्हणायचं आणि बोट दाखवायचं, फ्रेंच माणूसही तेच करतो. 'झे ला फ्लेम' (कंटाळा आलाय, नको वाटतंय) याच्या तोडीचा शब्द इंग्रजीत नाही, मराठीत आहे.

---

खमंग_थालीपीठ

गंमत म्हणून: 'शूरे', 'शूरावे' म्हणजे ढापणं. हा शब्द रोमानीतून फ्रेंच बोलीत आला आणि रोमानीचं मूळ आपल्याकडचं, म्हणजे यातला 'शूर' हा आपला 'चोर'. पाठ करायची गरज नाही.

स्लँगपेक्षा मधले भराव शिका. त्याशिवाय बोलणं ठोकळ्यांसारखं होतं.

द्यु कू: 'मग', 'त्यामुळे', 'तर'. दर तिसऱ्या वाक्याला येतो.
आं फेत: आपलं 'अ‍ॅक्च्युअली'.
एं: वाक्याच्या शेवटी, तंतोतंत आपला 'ना?'.
क्वा: शेवटी, 'म्हणजे झालं', 'असं काहीतरी'. इथे तो प्रश्न नाही! 'से कोंप्लिके, क्वा' ऐकून 'काय कॉम्प्लिकेटेड?' असं उलट विचारू नका.
बॅं: उत्तराआधीचा 'अं…'.
बोफ: खांदे उडवून, 'ठीकठाक, विशेष काही नाही'.

आणि कौतुकाची भाषा. 'पा माल' (वाईट नाही) ही चांगली शाबासकी आहे. 'पा तेरिब्ल' ऐकून मात्र 'भयंकर नाही, म्हणजे बरंय' असं समजू नका, त्याचा अर्थ 'जमलेलं नाही'. 'बरंय' म्हणून कौतुक उरकणाऱ्या पुणेकरांना हे शिकवावं लागू नये.

---

गुळपोळी

नकारार्थी प्रश्नाला उत्तर देताना माझ्या ओळखीतले सगळे गडबडतात. हे कसं?

---

तिरपागडा

कारण मराठी उत्तर प्रश्नाशी जुळवून घेतं. 'येत नाहीयेस?' 'हो, नाही येत.' फ्रेंच उत्तर घटनेशी जुळतं.

त्यु व्यॅं पा? (येत नाहीयेस?)
येत नसलो तर: नों
येत असलो तर: सी

इथे 'वी' (हो) म्हटलं की समोरचा तोंडाकडे बघतो, 'वी येतोयस की वी नाही येत?' 'सी' म्हणजे 'अरे, येतोय की'. तो 'की' लक्षात ठेवा. भरीला आपण मान डोलावतो. ती आडवी डोलणारी मान त्यांना 'नाही' किंवा 'बघू' वाटते. होकाराला मान वरून खाली, एकदाच.

---

पोळीभाजी_पॅरिस

उच्चारांवरही दोन ओळी येऊ द्या. आपलं काय बरं असतं, काय वाईट?

---

उनाड_वासरू

बरं ते आधी: आपले त, द, दाताला जीभ लावलेले, जसेच्या तसे चालतात. क, प, त हवेचा झोत न सोडता म्हणणं इंग्रजांना वर्षभर जमत नाही, आपल्याला शिकावंच लागत नाही. ट, ड मात्र इंग्रजीच्या सवयीने घुसतात. 'टू' नाही, 'तू' (सगळं).

वाईट: 'यु' आणि 'ऊ'. 'दस्यु' म्हणजे वर, 'दसू' म्हणजे खाली. सामान हलवणाऱ्याला सांगताना हे उलटं होतं. 'यु' नीट येण्यासाठी 'ई' म्हणत राहा, जीभ जागची हलवू नका आणि फक्त ओठ शिट्टीसारखे करा. आरशासमोर रोज वीस वेळा.

एकदा 'यु' जमला की माणूस तो सगळीकडे लावत सुटतो, आणि मग 'मेर्सी बोकू'चं 'मेर्सी बोक्यु' होतं. 'बो क्यु' म्हणजे 'सुंदर ढुंगण'. 'बोकू'तला ऊ आपला साधा ऊ आहे, त्याला काही करू नका.

अनुनासिकात मालवणी, कोंकणी बोलणारे पुढे असतात. बाकीचे 'बोंझूर'चा 'बोन्झूर' करतात. नाक चिमटीत धरून 'बों' म्हणा. आवाज अडला तर बरोबर, आणि शेवटी जीभ टाळूला टेकली तर चूक.

---

रानजाई

जे चुकलं तर महागात पडतं ते:

'बेज़े' नाम म्हणून चुंबन, क्रियापद म्हणून थेट शिवी. गालाला गाल लावणं ते 'फेर ला बीज़', चुंबन घेणं 'आंब्रासे'.
पोट भरलं म्हणून 'श्युई प्लेन' नको, तो गाभण जनावराला वापरतात. 'झे ब्यॅं मांझे'.
उत्सुक आहे म्हणून 'श्युई एक्सिते' नको, त्याला कामुक अर्थ चिकटतो. 'झे आत!' (कधी एकदा होतंय).
अन्नातल्या प्रिझर्वेटिव्हला 'प्रेज़ेर्वातीफ' नको, तो निरोध. 'कोंसेर्वातर'.

शिव्या ऐकू येतीलच, 'प्युतॅं' तर स्वल्पविरामासारखा येतो. तुम्ही त्याच अक्षरांनी सुरू होणारे सोवळे पर्याय वापरा: प्युनेज़ (शब्दशः ढेकूण), प्युरे (बटाट्याचा लगदा). 'मेर्द'ऐवजी 'मॅंस'. आपणही 'आयला' म्हणून थांबतोच की.

---

गुळपोळी

हे सगळं फ्रान्सपुरतं. जिनेव्हा, ब्रसेल्स, मॉन्ट्रियलवाल्यांनी तसंच उचलू नये.

जेवणाच्या वेळांपासून फरक आहे. फ्रान्सच्या शहरांत 'देझने' दुपारचं, 'दिने' रात्रीचं. स्वित्झर्लंड, बेल्जियम आणि क्वेबेकमध्ये 'देझने' सकाळचं, 'दिने' दुपारचं आणि 'सूपे' रात्रीचं. 'दिने'ला बोलावलं तर वेळ विचारून घ्या.

सत्तर आणि नव्वद बेल्जियम, स्वित्झर्लंडमध्ये सरळ: सेप्तांत, नोनांत. फ्रान्समध्ये मात्र साठ-दहा आणि चार-वीस-दहा, आणि फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांत सांगतात. 'स्वासांत' (साठ) ऐकून ६ लिहिलात आणि पुढे 'दूज़' (बारा) आलं की तो ७२ निघतो. म्हणून जोडी पूर्ण ऐकल्याशिवाय पेन टेकवायचं नाही.

क्वेबेकमध्ये 'गोस' म्हणू नका. फ्रान्समध्ये ती पोरं, तिथे वृषण. फ्रान्समध्येही नैऋत्येला, तुलूझ-बोर्दोकडे, 'पॅं ओ शोकोला' (चॉकलेट भरलेला पाव) मागितला की हसतात. तिथे तो 'शोकोलातीन'.

---

पोळीभाजी_पॅरिस

आणि परीक्षेत? १ जानेवारी २०२६पासून दहा वर्षांच्या रहिवासी कार्डाला बी-वन आणि नागरिकत्वाला बी-टू लागतंय. तिथे 'शे पा' चालेल?

---

तिरपागडा

लेखी पेपरात 'न' सगळीकडे शाबूत ठेवा, 'ओं'ऐवजी जमेल तिथे 'नू', प्रश्नाच्या सुरुवातीला 'एस क'. तोंडीत 'न' अधूनमधून गळला तर कुणी अडवत नाही, पण 'शे पा', 'या' आणि 'त्र्युक' घरी ठेवा. परीक्षकाला कायम 'वू'. प्रेफेक्त्युर (कार्डाची सरकारी कचेरी), घरमालक, बँक यांना लिहिताना हाच नियम, सुरुवातीला 'बोंझूर मादाम' आणि शेवटी 'कोर्दियालमां' (सस्नेह).

---

खमंग_थालीपीठ

मेसेजमधल्या आद्याक्षरांचं राहिलं. एम-दे-एर म्हणजे हसून मेलो. ते-का-ते म्हणजे 'तॅंक्येत' (काळजी नको). झी-एस-पे म्हणजे 'शे पा'. एस-ते-पे म्हणजे प्लीज, 'त्यु'वाल्यांना, 'वू'वाल्यांना एस-वे-पे. से-से म्हणजे 'कूकू' (हाय), जवळच्यांनाच.

---

गुळपोळी

'पूर्क्वा' (का) कसं लिहायचं? काहीजण पे-क्यु लिहितात आणि काहीजण पे-का.

---

खमंग_थालीपीठ

पे-का लिहा. पे-क्यु म्हणजे टॉयलेट पेपर.